जुन्या फोर बाय फोर पिकअपला लिफ्ट किट: उंची वाढवायची, की हरवलेली उंची परत आणायची?

पाऊस सुरू झाला की आपलं फीड बदलतं. चिखल उडवत ओढ्यातून वर येणारी पिकअप, मागे दणदणीत गाणं आणि खाली कॅप्शन: ‘दोन इंच लिफ्ट, नवे टायर, आता कुठेही!’ माझ्या मामाने असंच एक रील मला पाठवलं आणि खाली एकच ओळ लिहिली, "आपल्या गाडीला बसवायचं का रे?"

मामाची गाडी म्हणजे २०१६ ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, सेकंड हँड घेतलेली. भोरकडे शेत आहे. शेताकडे जाणारी गाडीवाट कालव्याच्या भरावावर चढते आणि लगेच पलीकडे उतरते. त्या टोकावर गाडी खालून घासते. मामाचं म्हणणं साधं होतं: घासते म्हणजे कमी पडते, कमी पडते म्हणजे उचला. ऐकायला बरोबर वाटतं. पण मोजायला बसलो तेव्हा गणित वेगळंच निघालं. तुमच्या घरी किंवा मित्राकडे अशी जुनी पिकअप असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

हा विषय आत्ताच का?

व्ही-क्रॉस भारतात २०१६ मध्ये आली. त्याआधी टाटा झेनॉन आणि महिंद्रा स्कॉर्पिओ गेटवे होत्या. म्हणजे फोर बाय फोर पिकअपची एक अख्खी पिढी आता दहा वर्षांच्या घरात किंवा त्याच्याही पुढे आहे आणि सेकंड हँड बाजारात फिरते आहे. त्यात दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गेली अनेक वर्षं निर्बंधांची टांगती तलवार आहे. जुलै २०२५ मध्ये तर तिथल्या पंपांवर अशा गाड्यांना इंधनच न देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि काही दिवसांत थांबवावा लागला. अशा अनिश्चिततेमुळे तिकडच्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत विकल्या जातात. गाडी जुनी, मालक नवा आणि हातात रील. लिफ्ट किटचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

लिफ्ट नेमकं काय उचलतं?

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे चाकं आणि चेसिस यांच्यातलं अंतर वाढवणं. स्प्रिंग, पाटे किंवा त्यांच्यावरचे स्पेसर बदलून गाडीचं धड वर जातं. चाकं आहेत तिथेच राहतात.

आता गाडीखाली वाकून बघा. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक गोल लोखंडी भोपळा दिसेल. तो डिफरेन्शियल. बहुतेक पिकअपमध्ये मागचा ॲक्सल अखंड असतो आणि हा भोपळा त्याच्यातच बसवलेला असतो. ॲक्सल चाकांना जोडलेला आहे, त्यामुळे सस्पेन्शन कितीही उचललं तरी हा भोपळा एक मिलिमीटरही वर जात नाही. वाटेतल्या दगडाला तो आधी लागत होता, लिफ्टनंतरही तोच लागणार. त्याला वर नेतो फक्त मोठा टायर.

मग लिफ्टचा फायदा काय? दोन गोष्टी. एक, मोठ्या टायरला जागा मिळते. दोन, कोन सुधारतात: पुढच्या बंपरचा चढताना, मागच्याचा उतरताना आणि पोटाचा कोन, म्हणजे ब्रेकओव्हर अँगल. मामाचा प्रश्न या तिसऱ्या कोनाचा होता.

ढोबळ हिशोब करून बघू. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३,०९५ मिमी. पोटाखाली २२५ मिमी मोकळी जागा धरली, तर ब्रेकओव्हर अँगल येतो साधारण १६.५ अंश. बाजारात नेहमी मिळणारी ४० मिमीची लिफ्ट बसवली तर तो होतो १९.४ अंश. म्हणजे जेमतेम तीन अंशांची कमाई. आता २०२० ची थार घ्या. व्हीलबेस २,४५० मिमी आणि ग्राउंड क्लिअरन्स जवळपास तेवढाच. तिचा कोन, काहीही न बसवता, २१ अंशांच्या आसपास येतो. पिकअपची अडचण उंचीपेक्षा लांबीची आहे आणि लांबी काही किटने कमी होत नाही.

आधी हरवलेली उंची मोजा

जुन्या पिकअपबद्दल रील कधीच सांगत नाही ती गोष्ट ही: दहा वर्षं माल वाहिलेल्या गाडीचे पाटे बसलेले असतात. रबरी बुश चेपलेले असतात, शॉकअप मेलेले असतात. गाडी कंपनीतून निघाली तेव्हा जेवढी उंच होती, तेवढी ती आता राहिलेलीच नसते. म्हणजे तुम्ही ४० मिमीची लिफ्ट घ्यायला निघता, तेव्हा कदाचित ३० मिमी तुमचेच हरवलेले असतात.

हे मोजायला गॅरेज लागत नाही. टेप, फोन आणि अर्धा तास पुरे.

१. सपाट जागेवर गाडी रिकामी उभी करा. चारही टायरची हवा कंपनीने सांगितलेली ठेवा.

२. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, चारही बाजूंनी. जमिनीपासून मोजू नका, नाहीतर टायरची झीज आणि हवा हिशोबात घुसते. प्रत्येक मापाचा फोटो काढून ठेवा.

३. त्याच मॉडेलची, चांगल्या अवस्थेतली गाडी शोधून तीच मापं घ्या. डाव्या-उजव्या बाजूतला फरकही बघा.

४. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक प्लास्टिकचा झिप टाय हलकाच बांधा आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. टाय जिथे सरकून थांबला, तिथपर्यंत शॉकअप दबला होता. प्रत्येक खड्ड्यात तो शेवटच्या टोकाला जात असेल, तर तुमची तक्रार उंचीची नाही. स्प्रिंगमध्ये दम उरलेला नाही.

५. गाडी जिथे घासते असं वाटतं, तिथे खालच्या भागांना ओला चुना लावा आणि त्या जागेवरून हळू जा. चुना कुठे खरवडला ते बघा. आवाजावरून अंदाज बांधू नका. शक्य असेल तर कुणाला तरी बाजूला उभं करून स्लो मोशन व्हिडिओ घ्या.

मामाच्या गाडीचा निकाल: मागची डावी बाजू ओळखीतल्या दुसऱ्या व्ही-क्रॉसपेक्षा ३५ मिमी खाली, उजवी २५ मिमी खाली. आणि चुना खरवडला होता तो चेसिसवरचा नाही, तर आधीच्या मालकाने हौसेने बसवलेल्या लोखंडी फूटस्टेपवरचा! आम्ही गाडी उचलायला निघालो होतो आणि घासत होती ती पायरी.

लिफ्टचे प्रकार: कोणता काय करतो?

समजा सगळं मोजून झालं आणि तरीही उंची हवीच आहे. तर पर्याय हे.

पुढचा स्पेसर: पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर स्ट्रटच्या डोक्यावर एक जाड चकती बसवतात. सगळ्यात स्वस्त. लक्षात ठेवा, स्प्रिंग चाकापेक्षा आतल्या बाजूला बसलेली असते, त्यामुळे २५ मिमीच्या चकतीने चाकाशी साधारण दुप्पट उंची वाढते. विकणाऱ्याला विचारा: हे माप चकतीचं की गाडीच्या उंचीचं? यात स्प्रिंग जुनीच राहते. म्हाताऱ्या स्प्रिंगखाली पाट ठेवला तरी ती तरुण होत नाही.

टॉर्शन बार ‘टाइट’ करणं: काही जुन्या गाड्यांत पुढे कॉइलऐवजी पीळ घेणारा लांब दांडा असतो. त्याचा बोल्ट फिरवला की गाडी वर येते. खर्च जवळपास शून्य म्हणून मोह होतो. पण सस्पेन्शनची एकूण हालचाल तेवढीच राहते. वर जितकी उंची मिळाली तितकी चाकाची खाली जाण्याची जागा कमी झाली. खड्ड्यात चाक खाली पोचत नाही आणि गाडी ठोकरा देते.

लांब शॅकल: पाट्याचं टोक ज्या कडीत अडकतं ती कडी लांब करतात. मागची उंची वाढते ती वाढवलेल्या लांबीच्या साधारण निम्मी. पाट्याचा आणि ॲक्सलचा कोन बदलतो, तो वेगळा.

मागचा ब्लॉक: पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा. उंची मिळते, पण जोरात ॲक्सिलरेटर दिला की ॲक्सल पाट्याला पीळ देतो आणि ठोकळा जितका उंच तितका पीळ जास्त. ब्लॉक, पाटे काहीही बदललं तरी यू-बोल्ट नवेच घालायचे. ते एकदा ताणून बसलेले असतात. ‘जुनेच चालतील’ म्हणणाऱ्या फिटरकडून गाडी परत आणा.

जादा पाटा किंवा पूर्ण नवा पाट्यांचा संच: बसलेल्या गाडीला हाच खरा इलाज. पण इथे प्रामाणिक उत्तर द्यावं लागतं: गाडीत रोज वजन असतं का? कायम दोनशे-तीनशे किलो असेल तर कडक पाटे ठीक. आठवड्यातून एकदा चार क्रेट टोमॅटो नेत असाल तर तेच पाटे रिकाम्या गाडीला उड्या मारायला लावतील आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक पकड सोडेल. आणखी एक गैरसमज: पाटा वाढवला म्हणून गाडीची वाहण्याची क्षमता वाढत नाही. ब्रेक, बेअरिंग, चेसिस सगळं जुन्याच हिशोबाचं असतं.

बॉडी लिफ्ट: चेसिस आणि केबिनमध्ये ठोकळे. टायरला जागा मिळते, पण चेसिसचं पोट तिथेच राहतं. घासणाऱ्या गाडीला याचा काही उपयोग नाही.

वाढलेल्या उंचीची किंमत

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक धडा वारंवार शिकतो: एका ठिकाणची व्हॅल्यू बदलली की तिच्यावर अवलंबून असलेला सगळा कोड तपासावा लागतो. गाडीचंही तसंच आहे.

पुढची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट असतात. गाडी उचलली की शाफ्ट जास्त तिरका चालतो, रबरी बूट लवकर फाटतो, ग्रीस निघून जातं आणि चिखल आत शिरतो. अलाइनमेंट बिघडते, म्हणून लिफ्टनंतर ती करून घेणं सक्तीचंच समजा. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला तर ठरावीक वेगाला थरथर येते. ब्रेकचे रबरी पाइप पूर्ण लटकलेल्या चाकाला पुरतात का, हेही बघावं लागतं.

सगळ्यात धोकादायक आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. अनेक जुन्या पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसिसपर्यंत एक छोटा दांडा गेलेला असतो. गाडीत माल भरला की मागचं अंतर कमी होतं, दांडा सरकतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. आता गाडी ५० मिमी उचला. माल भरलेला असला तरी व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्यांवर. सेन्सर बरोबर, लॉजिक बरोबर, इनपुट चुकीचं. आणि हा बग वरंधा घाटात उतरताना सापडला तर रिस्टार्टचं बटण नसतं. लिफ्ट करणाऱ्या गॅरेजला पहिला प्रश्न हाच विचारा: "या व्हॉल्व्हचा दांडा ॲडजस्ट करणार ना?" त्याने "कोणता व्हॉल्व्ह?" असं विचारलं तर उत्तर मिळालं.

मग उलटण्याचा प्रश्न. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, याला स्टॅटिक स्टॅबिलिटी फॅक्टर म्हणतात. अमेरिकेतली रस्ता सुरक्षा संस्था एनएचटीएसए गाड्यांचं रोलओव्हर रेटिंग ठरवताना हाच आकडा वापरते. कारसाठी तो साधारण १.३ ते १.५, तर एसयूव्ही आणि पिकअपसाठी १.० ते १.३ असतो. समजा चाकांमधलं अंतर १,५७० मिमी आणि गुरुत्वमध्य ७२० मिमीवर. उत्तर १.०९. ५० मिमीच्या लिफ्टने गुरुत्वमध्य ४५ मिमी वर गेला तर उत्तर १.०३. सहा टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण मुळात आपण काठावरच उभे होतो. वर कॅरियरवर तंबू ठेवला तर अजून कमी.

मोठ्या टायरचाही हिशोब करून टाकू. २४५/७० आर१६ टायरचा व्यास साधारण ७४९ मिमी. त्याजागी २६५/७५ आर१६ घातला तर ८०४ मिमी. भोपळा २७ मिमी वर जातो, हे खरं. पण स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास ८६ ने धावत असेल, चढावर इंजिन जड वाटेल आणि ब्रेकला जास्त काम पडेल.

कायदा काय म्हणतो?

रीलमध्ये हा भाग नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, गाडीची आरसीवरची माहिती निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर नेणारे बदल चालणार नाहीत, हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. लिफ्ट एक, टायर दोन, बंपर तीन.

किट विकणारे म्हणतात, "आरसीवर ग्राउंड क्लिअरन्स लिहिलेला असतो का?" खासगी गाडीच्या कार्डावर तो रकाना नसतो हे खरं, पण रस्त्यावर थांबवणारा अधिकारी आणि अपघातानंतर येणारा विम्याचा सर्व्हेअर या युक्तिवादाने समाधानी होईलच असं नाही. न सांगितलेला बदल हे क्लेम अडकायचं नेहमीचं कारण आहे. शिवाय खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी रिन्यू करायचं असतं, तेव्हा गाडी तपासणीसाठी उभी करावीच लागते.

माझं मत विचाराल तर आपल्याकडचा नियम सुरक्षेच्या दृष्टीने चुकीचा नाही, पण ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा आहे. ऑस्ट्रेलियातल्या अनेक राज्यांत साधारण ५० मिमीपर्यंतची सस्पेन्शन लिफ्ट वेगळ्या सर्टिफिकेटशिवाय चालते आणि त्यापुढे मान्यताप्राप्त इंजिनिअरची तपासणी लागते. तिथे मर्यादा ठरलेली आहे, जबाबदार माणूस ठरलेला आहे. आपल्याकडे अशी पायरीच नाही. परिणाम काय? किट उघड विकलं जातं, फिटिंग गुपचूप होतं आणि त्या व्हॉल्व्हचा दांडा कुणी तपासला का, हे विचारणारं कुणीच नसतं. ज्या बदलाची सगळ्यात जास्त तपासणी व्हायला हवी, तोच तपासणीपासून लपवला जातो.

मग निवड कशी करायची?

माझ्या हिशोबाने क्रम असा असावा.

आधी लोंबणारं काढा: फूटस्टेप, हौशी बंपर, टो हुक. मग गाडी मूळ उंचीवर आणा: नवे बुश, नवे शॉकअप, पाट्यांचा मूळ मापाचा संच. हा बदल नाही, ही दुरुस्ती आहे, त्यामुळे कायद्याची भीती नाही. मग टायर: कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या साइजमध्येच चांगले ऑल टेरेन. मग खालच्या नाजूक भागांना स्किड प्लेट. एवढं करून दोन-तीन महिने गाडी वापरा. पुन्हा चुना लावा, पुन्हा झिप टाय बघा.

यानंतरही गाडी अडत असेल तर तुमचा रस्ता खरंच वेगळा आहे. तेव्हाही ४०-५० मिमीच्या पुढे जाण्याचा विचार सोडा आणि नुसत्या चकत्या-ठोकळ्यांऐवजी जुळणारे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला संचच बघा. त्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या आणि आरटीओत विचारा. ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ते किट न घेण्याचं पुरेसं कारण आहे.

मामाने काय केलं? फूटस्टेप काढली, त्यावर मामी महिनाभर चिडली होती, कारण आता चढताना त्रास होतो. मागचे पाटे आणि चारही शॉकअप नवे घातले, टायर जुन्याच साइजचे घेतले. मागची बाजू मोजली तर डावी-उजवी एकसारखी आली. रिकाम्या गाडीने भराव आता न घासता पार होतो. पण खताच्या गोण्या भरल्या की टोकावर अजून थोडं लागत होतं.

मी पुन्हा ब्रेकओव्हरचं गणित काढून बसलो होतो. मामाने ते ऐकून घेतलं, कालव्याच्या माणसांना विचारलं आणि भरावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन ट्रॉली मुरूम टाकून चढ लांबवला. उतार कमी झाला, घासणं थांबलं. गाडी तेवढीच उंच आहे आणि आता त्या वाटेने शेजाऱ्यांचा छोटा हत्तीही जातो.